मदत हवी आहे : एकच गाणं पाचदा आलंय, कुठलं उडवू?

रानवाट
सीडी कम्प्युटरवर चढवल्या. प्लेअर डुप्लिकेट दाखवतोय आणि ऐकल्यावर खरंच तोच बेस, तोच ड्रम. एकात तर गाणारा मधेच गायब होतो, एखादी ओळ येते ती विहिरीत हाक मारल्यासारखी घुमत विरते. सगळ्यावर सूं आवाज. सीडी खराब की कॉपीत घोळ? डिस्क भरलीय, आज रात्रीच उडवायचंय.

टेपवाला
अल्बम कुठला? गाणं कुठलं? कॉपी कशाने केली?

रानवाट
जमैकाचा रेगे निर्माता ली पेरीचा, तीन सीडींचा. ‘पोलीस अँड थीव्ज’.

खर्ज
म्हणजे १९९७ चा ‘आर्कॉलॉजी’. काहीही उडवू नका! ज्युनियर मर्व्हिनचं मूळ गाणं १९७६ चं. त्याच रिदमवर, म्हणजे त्याच ताल-बेसच्या साच्यावर, ‘मॅजिक टच’मध्ये ग्लेन डाकोस्टाचा सॅक्सोफोन, ‘सोल्जर अँड पोलीस वॉर’मध्ये जा लायनची बोलगाणी, ‘ग्रम्बलिन डब’मध्ये पेरीने आवाज काढून फक्त ताल-बेस खेळवलाय. आपल्याकडे एका चालीवर दहा भजनं बसतात, तसंच. जमैकात हीच रीत.

सुईधागा
सीडीवर हे ऐकूच नये. रेकॉर्ड घ्या.

टेपवाला
त्यांच्याकडे सीडी आहेत, रेकॉर्डचं काय काढलंत? रानवाट, सूं आवाज मूळ टेपचाच. किंग्स्टनच्या ब्लॅक आर्कमध्ये, म्हणजे पेरीच्या स्टुडिओत, टेप मशीन चार ट्रॅकचं, चारच आवाज वेगळे घेणारं. ट्रॅक भरले की एकत्र करून एकावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्यांवर पुन्हा वाजवायचं. दर फेरीला सूं वाढतो. माझ्याकडच्या सेटमध्येही आहे.

सुईधागा
हा संच अपुराच. बॉब मार्लीच्या वेलर्सबरोबरचं पेरीचं १९७०-७१ चं काम यात कुठाय?

खर्ज
नावातच आर्क आहे. स्टुडिओ उभा राहिला १९७३ च्या अखेरीस, त्याआधीचं कसं असेल?

कोल्हापूरकर
सबवूफर कोपऱ्यात ठेवू नका, बेस गढूळ होतो. मी भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला.

रानवाट
सबवूफर नाही, हेडफोन आहे. ‘मॅजिक टच’ दुपारीच उडवलं होतं, परत चढवतोय. पण आता पाचही ओळीने लागतील अशी यादी कशी लावू? प्लेअर अक्षरानुसार लावतो.

टेपवाला
प्लेअर कुठला ते अजून सांगितलं नाहीत.