‘माझं मी ठरवेन’: घरापर्यंत सोबत आलेले प्रसंग

नाटक-सिनेमातल्या एखाद्या पात्राने आपल्याच माणसांसमोर उभं राहून ‘माझं मी ठरवेन’ असं ठणकावलं आणि तो प्रसंग तुमच्याबरोबर घरी आला, असं झालंय? लिहा. कथानक नको, काय भिडलं आणि पुढे काय झालं ते सांगा. सुरुवात मी करते.

‘चारचौघी’ नाटकातला विद्याचा फोन. आईने १९९१ साली वंदना गुप्ते पाहिल्या होत्या, मी २०२२च्या संचातली मुक्ता बर्वे. पलीकडचा नवरा आपल्याला ऐकूच येत नाही. विद्या थांबते तेव्हा तो काय म्हणाला असेल, ते आपणच भरत जातो. बाहेर पडताना आई म्हणाली, “तेव्हाच ठरवलं होतं, मुलगी झाली तर आधी पगार, मग लग्न.” माझ्या नोकरीसाठी ती एवढी का अडून बसली होती, ते मला त्या पायऱ्यांवर कळलं.

• • •

राज्य नाट्य स्पर्धेत मी बेणारे केली होती, खोट्या खटल्याच्या खेळात आरोपी ठरवलेली शिक्षिका. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चं शेवटचं स्वगत तालमीत मी रडत म्हणायचे. दिग्दर्शक म्हणाले, “रडू प्रेक्षकांना येऊ दे. बेणारे वर्गात शिकवते तशी बोल.” तसं बोलले आणि बाई एकदम ताठ उभी राहिली! त्या वेळी तिच्यावर आरोप करणारे सगळे मंचावर गोठलेले असतात. तिचं म्हणणं त्यांच्यापैकी कुणाच्याच कानी पडत नाही, फक्त प्रेक्षक ऐकतात. तेंडुलकरांनी तिला जिंकू दिलं नाही याचा मला फार राग यायचा. आता मी स्वतः शिक्षिका आहे. मुलांना उत्तम शिकवणाऱ्या बाईच्या खासगी आयुष्याची स्टाफरूममध्ये कशी चिरफाड होते, ते पाहते. अशा वेळी मी उठून जात नाही. तिथेच बसून बोलते.

• • •

आजी ‘कुंकू’ सिनेमाबद्दल (१९३७) सांगायची. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली शांता आपटेंची नीरा त्याच घरात राहून त्याला नवरा मानत नाही. आजी म्हणायची, “पळून गेलेल्या पोरी ऐकून होतो गं, घरात राहून नाही म्हणणारी पहिल्यांदा पाहिली.”

• • •

मी जर्मनीत राहते. इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ नाटकातली नोरा १८७९ साली नवरा-मुलं सोडून बाहेर पडली, पण इथल्या एका नटीने तो शेवट करायला नकार दिला. मग इब्सेननेच नाइलाजाने दुसरा लिहिला: मुलांच्या खोलीच्या दाराशी नोरा कोसळते आणि थांबते. घटस्फोटानंतर मलाही सगळे मुलांचंच दार दाखवत होते. मुलं माझ्याबरोबरच आहेत, छान आहेत.

• • •

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? ‘उंबरठा’ (१९८२) आम्ही दोघांनी घरीच पाहिला. महिलाश्रमाच्या नोकरीसाठी स्मिता पाटीलची सुलभा लहान मुलीला सासरी ठेवून परगावी जाते. सगळे स्मिताकडे बघतात, मी गिरीश कर्नाडांच्या सुभाषकडे बघत होतो. तो भांडत नाही, मारत नाही, सभ्य आहे. फक्त तिच्या कामाला तो स्वतःच्या कामाएवढं मोल देत नाही. त्याच सुमारास बायकोला बढतीवर नंदुरबार मिळालं होतं. आई म्हणाली, “लेकराचं कसं होणार?” मी म्हटलं, “मी आहे की.” वेणी घालायला शेजारच्या काकूंनी शिकवलं, डब्याचं माझं मी शिकलो. बायको अजून तिकडेच आहे आणि पुढच्या बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करतेय.