मदत हवी आहे : फाउंड फुटेजमधलं भूत घाबरवतच नाही

फाउंड फुटेज भयपटाचा (म्हणजे कुणाला तरी सापडलेल्या टेपसारखा दाखवलेला) ८२ मिनिटांचा रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, तयार आहे, पण भीती शून्य. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ (२००७) सुमारे १५,००० डॉलरमध्ये एकाच घरात झाला, म्हणजे अडचण पैशाची नाही. तिथे रात्रीचा कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर, त्यामुळे दार जरासं हललं तरी नजर तिथेच जाते. इथे सगळं हातातल्या कॅमेऱ्यावर, भूत हललं की फ्रेम, तेच कळत नाही. वर पार्श्वसंगीत! सापडलेल्या टेपला संगीत कोण देणार?

ते काढलं की मात्र प्रत्येक कटवर आवाज तुटतो, कारण रूम टोन (कुणी बोलत नसताना खोलीत येणारा बारीक आवाज) वेगळा घेतलेला नाही. संवादांमधल्या दोन-तीन सेकंदांच्या शांततेचे तुकडे जोडले तर लूप, म्हणजे तेच पुन्हा पुन्हा वाजतंय हे, ओळखू येईल का? की त्याच खोलीत, त्याच माइकवर मिनिटभर पुन्हा रेकॉर्ड करावं? पंखा बंद ठेवून की चालू?