मागचा ब्रेक ड्रम थोडा बाहेर येऊन अडकतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम काही केल्या निघत नाहीये. उजवीकडचा लगेच सुटला आणि आतले लायनर (ड्रमला घासून गाडी थांबवणारे पट्टे) पार झिजलेले दिसले. डावीकडून ब्रेक दाबताना खरखर येते, त्यामुळे तो उघडून पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही असं ठरवलंय. घरची माणसं बसतात तिच्यात.

पुढच्या चाकांना ठोकळे लावून गाडी स्टँडवर घेतली आहे, हँडब्रेक पूर्ण सोडलेला आहे. ड्रमचा छोटा स्क्रू काढला. हबभोवती (ड्रम ज्यावर बसतो तो मधला भाग) चांगलाच गंज होता, तिथे गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. मग ड्रमवरच्या आट्यांच्या दोन भोकांत ८ मिमीचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले. 'टक्' आवाज झाला, ड्रम ४-५ मिमी बाहेर आला आणि तिथेच थांबला. हाताने फिरतो, डुलतोसुद्धा, पण पुढे सरकत नाही. ड्रम बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असल्याने बोल्ट आणखी आवळायची भीती वाटते.

मागच्या पत्र्यावर रबरी बूच आहे. ते काढलं की आत दातेरी चाक दिसतं. ते कुठल्या दिशेने फिरवायचं?

प्रतिसाद १

बोल्ट आवळणं थांबवलंत ते उत्तम. डुलतोय म्हणजे हबचा गंज सुटला, आता शू (लायनर ज्यांवर बसवलेले असतात ते अर्धगोल भाग) अडवतायत. लायनर जिथे घासतो तिथे ड्रम आतून झिजतो, कडेला मात्र मूळ जाडी राहते. त्या कंगोऱ्यावर शू अटकतात. शू आत घेतल्याशिवाय ड्रम येणार नाही.

दिशा गाडीप्रमाणे बदलते, म्हणून दात्यांवरून ओळखा. दातेरी चाक सहज कट-कट फिरत असेल तर तुम्ही शू आवळताय. सैल करायच्या दिशेला एक छोटी पट्टी दात्यात अडकून चाक धरून ठेवते. बारीक स्क्रूड्रायव्हरने ती पट्टी जराशी उचलून धरा आणि दुसऱ्याने चाक उलटं फिरवा. थोडे दाते झाले की ड्रम फिरवून बघा. घासणं कमी झालं तर दिशा बरोबर. हँडब्रेकची केबल ताणलेली असेल तर आधी तीही ढिली करा, नाहीतर शू पूर्ण आत जाणारच नाहीत.

प्रतिसाद २

वरचं अगदी बरोबर. ठोकायची वेळ आलीच तर स्टडांच्या (चाक ज्यांवर बसतं त्या बोल्टांच्या) मधल्या सपाट भागावर ठोका, कडेवर नको, तिथे तडा जातो. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. ड्रम निघाल्यावर त्यावर कोरलेला कमाल व्यास बघा. झीज त्यापुढे गेली असेल तर नुसते लायनर बदलून भागणार नाही, ड्रमही नवा घ्या, आणि दोन्ही बाजूंचा. व्हील सिलिंडरचं (ब्रेक दाबल्यावर शू बाहेर ढकलणारा भाग) रबर उचलून ब्रेक ऑइलची ओल आहे का तेही बघून इथे कळवा.