स्वान-गँझ कॅथेटर: दर चार तासांनी वेज घ्यायलाच हवा का?

(स्वान-गँझ म्हणजे शिरेतून, हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसधमनीत नेलेली, टोकाशी फुगा असलेली नळी. वेज म्हणजे फुगा फुगवून धमनीची शाखा अडवली की टोकाला मिळणारा दाब; त्यावरून हृदयाच्या डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज येतो.)

हृदयभूल: माझ्या मते नको. टोक फुप्फुसधमनीच्या मोठ्या शाखेत, एक्स-रेवर हायलमजवळ (फुप्फुसाच्या मुळाशी) असू द्यावं. कॅथेटर अंगाच्या उबेने मऊ पडतो, वेटोळं सैल होतं आणि टोक पुढे सरकतं. सकाळच्या एक्स-रेवर संध्याकाळी भरवसा ठेवू नये. बायपासवर (हृदय-फुप्फुस यंत्रावर) हृदय रिकामं झालं की तर हे हमखास होतं, म्हणून मी आधीच 3 ते 5 सेंमी मागे घेतो. फुग्यात 1.5 मिली हवा मावते. 1 मिलीच्या आतच वेज मिळाला तर टोक फार पुढे गेलंय. तिथे आणखी हवा भरली तर धमनी फुटू शकते. क्वचितच घडतं, पण घडलं की पेशंट वाचणं अवघड. वेजऐवजी फुप्फुसधमनीच्या डायस्टोलिक (हृदय सैल असतानाच्या) दाबावर काम भागतं.

दाबमापी: सर, शेवटचं वाक्य मान्य नाही. पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये (फुप्फुसधमनीतला दाब वाढलेला असताना) डायस्टोलिक 30 आणि वेज 12 मिमी पारा असू शकतो. 30 वर विसंबून लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) दिलं तर आधीच कोरडा असलेला पेशंट आणखी कोरडा होईल. शिवाय टोक फार मागे राहिलं की उजव्या व्हेंट्रिकलमध्ये (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) घसरतं आणि एक्टोपिक्स (अवेळी ठोके) सुरू होतात. जास्त पीप (श्वासाअखेर व्हेंटिलेटरने फुप्फुसात राखलेला दाब) असेल तर टोक डाव्या एट्रियमच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) पातळीखाली आहे ना, तेही पाहावं; नाहीतर वेज म्हणून आपण वायुकोशांतला दाब वाचत बसतो.

रात्रपाळीची सिस्टर: दोघांनाही सांगते, आधी आलेखाकडे बघा. एका रात्री पीएचा (फुप्फुसधमनीच्या दाबाचा) आलेख अचानक चपटा झाला. फोनवर उत्तर मिळालं, "फ्लश करा." म्हणजे नळीतून जोराने सलाइन सोडा. मी केलं नाही. फुगा रिकामा असूनही कॅथेटर आपणच वेज झाला होता, म्हणजे धमनीच्या शाखेत अडकला होता. सीनियर डॉक्टरांनी येऊन 2 सेंमी मागे घेतला, आलेख परतला. त्या फ्लशचं काय झालं असतं, हे आठवलं की आजही हात थरथरतात. आणि पलंग वर केला की ट्रान्सड्यूसरही (दाब मोजणारं उपकरण) चौथ्या फासळीच्या फटीत, काखेच्या मध्यरेषेवर आणा. 10 सेंमीच्या फरकाने आकडा 7 मिमी पाऱ्याहून जास्त चुकतो.

हृदयभूल: सिस्टर, तुम्ही पेशंट वाचवलात. दाबमापी, तुमचा मुद्दा अर्धा पटला: टाकताना एकदा वेज घ्यावा, डायस्टोलिकशी फरक लिहून ठेवावा, पुढे त्यावरून चालावं.

दाबमापी: तो फरक कायम राहत नाही, सर. ऑक्सिजन घसरला, ॲसिडोसिस (रक्तातली आम्लता) वाढला की बदलतो. औषध बदलण्याआधी तरी वेज घ्याच: श्वास सोडल्याच्या शेवटी, हळूहळू हवा भरून, आलेख बदलताक्षणी थांबून.