घरच्या ॲक्वापोनिक्समधील बेल सायफन : नळीचा व्यास कसा ठरवलात? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी,

ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतले पाणी खडी किंवा मातीच्या गोळ्यांनी भरलेल्या रोपांच्या वाफ्यातून फिरवून परत टाकीत सोडण्याची पद्धत, आणि तो वाफा आपोआप भरू देऊन रिकामा करणारी नळ्यांची रचना म्हणजे बेल सायफन. बेल सायफनची उभी नळी अर्ध्या इंचाची घ्यावी, पाऊण इंचाची की एक इंचाची, या प्रश्नाशी घरी ॲक्वापोनिक्स सुरू करणारा जवळजवळ प्रत्येक जण अडतो. पंप, मासे, रोपे हे सारे नंतर बदलता येते. वाफ्याच्या बुडाला पाडलेले भोक मात्र लहान करता येत नाही. म्हणून ज्यांचा सायफन नियमित चालतो आहे त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. वाफ्याचे माप, वाफ्यात प्रत्यक्ष पडणारे पाणी आणि नळीचा आतला व्यास या तीन गोष्टी अवश्य द्याव्यात, कारण त्यांच्याशिवाय दुसऱ्याला त्या अनुभवाचा उपयोग होत नाही.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. वाफ्याच्या बुडातून वर आलेल्या उभ्या नळीवर, माथा बंद आणि तळाशी खाचा असलेली एक रुंद नळी उपडी ठेवतात, तिला बेल म्हणतात. वाफ्यात चढणारे पाणी उभ्या नळीच्या तोंडाशी आले की आत ओसंडू लागते. नळी भरून वाहू लागली की ती बेलमधली हवा ओढून नेते आणि सायफन लागतो. पाणी बेलच्या तळाच्या खाचांपर्यंत उतरले की तेथून हवा शिरते आणि सायफन सुटतो. त्यामुळे प्रत्येक नळीला येणाऱ्या पाण्याची एक खालची आणि एक वरची मर्यादा असते. पाणी फार कमी असेल तर ते नळीच्या कडेने नुसते झिरपत राहते व सायफन लागतच नाही. फार जास्त असेल तर लागलेला सायफन सुटत नाही आणि वाफा पुन्हा भरतच नाही. नळी जितकी मोठी तितक्या या दोन्ही मर्यादा वर सरकतात. आलेले अनुभव खाली गावांच्या नावाने दिले आहेत.

पुणे, गच्चीवरील वाफा

माझा वाफा १०० बाय ६० सेंटिमीटरचा असून त्यात पाणी २५ सेंटिमीटरपर्यंत चढते. एवढ्या जागेचे आकारमान १५० लिटर भरते, परंतु त्यातली बरीचशी जागा भाजलेल्या मातीच्या गोळ्यांनी व्यापलेली असल्याने प्रत्यक्ष पाणी साधारण ६० लिटर मावते. माशांची टाकी ३०० लिटरची आहे. टाकीतले पाणी तासाला एकदा तरी वाफ्यातून फिरावे, हा प्रचलित ठोकताळा मी पाळला आणि त्यावरून ताशी ३०० लिटर हा आकडा आधी निश्चित केला. नळीचा विचार त्यानंतर केला, आणि माझ्या मते हाच क्रम योग्य आहे.

पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा मात्र येथे कामाचा नाही, कारण तो पाणी अजिबात वर चढवायचे नसतानाचा असतो. वाफ्यात पडणाऱ्या धारेखाली १० लिटरची बादली धरावी आणि घड्याळ लावावे. बादली दोन मिनिटांत भरली तर ताशी ३०० लिटर पाणी येते आहे असे समजावे. एवढ्या पाण्याला मला पाऊण इंचाची नळी जुळली. वाफा सुमारे १२ मिनिटांत भरतो आणि दोन-तीन मिनिटांत रिकामा होतो.

नळीच्या वरच्या तोंडाला मी सव्वा इंचावरून पाऊण इंचावर आणणारा रेड्युसर उलटा, म्हणजे रुंद तोंड वर करून, बसवला आहे. रुंद काठावरून पाणी एकदम आत कोसळते आणि अरुंद नळी लवकर भरते, त्यामुळे कमी पाण्यातही सायफन लागतो. फक्त बेल निवडताना व्यास या रुंद तोंडाचा धरावा, नळीचा नव्हे. या रेड्युसरवर ५० मिलिमीटरची बेल चढवली तर पाण्याला वर जायला फटच उरत नाही. मी ७५ ची वापरतो.

रत्नागिरी, नळजोडणीच्या व्यवसायातून

वरच्या सर्व आकड्यांना एक पुरवणी जोडणे मला फार गरजेचे वाटते. दुकानात नुसते ‘एक इंच’ मागितले तर तीन वेगवेगळ्या नळ्या हातात पडू शकतात. घरातल्या नळजोडणीच्या पांढऱ्या यूपीव्हीसी नळीचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर असतो. गरम पाण्यासाठी वापरतात ती पिवळसर सीपीव्हीसी नळी एक इंचाचीच म्हणवते, पण तिचा बाहेरचा व्यास २८.६ असतो आणि जाडी वजा जाता आत जेमतेम २३ मिलिमीटर उरतात. शेतीची नळी बाहेरच्या व्यासावरूनच ओळखली जाते, २५, ३२, ४०, ५०, ६३, ७५ अशी, आणि एक इंचाच्या जागी तिच्यातली ३२ ची नळी दिली जाते. शिवाय शेतीच्या नळीत ४ किलो, ६ किलो, १० किलो असे दाबाचे प्रकार असतात. दाब वाढला की भिंत जाड होते आणि बाहेरचा व्यास तोच राहून आतला कमी होतो.

सायफनला फक्त आतला व्यास कळतो, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते. २६.६ मिलिमीटरच्या नळीऐवजी २३ ची बसली तर पाण्याची वाट सुमारे एक चतुर्थांशाने घटते. नाव तेच राहते, वागणूक मात्र बदलते, आणि मग माणूस पंपाला दोष देत बसतो. म्हणून दुकानात नळीच्या तोंडाशी पट्टी धरून आतले माप घ्यावे. या तीन जातींची फिटिंग्ज एकमेकांत नीट बसत नाहीत. सोल्युशन थापून बसवलेला जोड पुढे गळतो, आणि तो वाफ्याखाली असेल तर सगळी खडी उपसल्याशिवाय हाती लागत नाही. टाकी निपल (वाफ्याच्या भोकात बसवायचा, नळी जोडण्याचा तुकडा), एल्बो (काटकोनी जोड) आणि नळी एकाच जातीची घ्यावी. टाकी निपलच्या आतल्या भोकाचे मापही पाहावे, कारण कित्येकदा सर्वांत अरुंद जागा तीच असते. वाफ्याच्या आत उभी नळी निपलमध्ये नुसती घट्ट दाबून बसवावी, चिकटवू नये, म्हणजे उंची बदलता येते.

नागपूर

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये छोट्या ॲक्वापोनिक्सवर प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत २५ मिलिमीटरची उभी नळी, ७५ ची बेल आणि तिच्याभोवती ११० ची भोके पाडलेली संरक्षक नळी अशी मांडणी दिली आहे. मी तीच स्वीकारली, कारण ७५ आणि ११० च्या सांडपाण्याच्या नळ्या आणि त्यांची टोपणे येथे कोठेही मिळतात. बाहेरच्या संरक्षक नळीच्या मापात काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पुदिना आणि टोमॅटो यांची मुळे तिच्या भोकांतून आत येतात आणि बेलच्या खाचांत दाट गुंततात. मग खाचांमधून हवा वेळेवर शिरत नाही आणि सायफन सुटेनासा होतो. ११० च्या नळीत बोटे घालून बेल सहज वर ओढता येते, मुळे काढून पुन्हा बसवता येते.

फोंडा, गोवा

आमच्याकडे नळीचा व्यास योग्य होता, तरी सायफन लागत नव्हता. दोष वाफ्याबाहेर होता. बाहेर पडणारी नळी माशांच्या टाकीत पाण्याखाली बुडालेली होती, त्यामुळे आतली हवा बाहेर पडायला वाट नव्हती. तोंड पाण्याच्या वर आणून शेवटी एक एल्बो लावला. एल्बोमुळे पाणी क्षणभर अडते, नळी भरते आणि सायफन पटकन लागतो. आडवी नळी शक्य तितकी आखूड ठेवावी. लांब न्यावीच लागली तर एक माप मोठी घ्यावी.

पावसाळ्यात सायफन बिघडतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ०.६ चौरस मीटरच्या वाफ्यावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस कोसळला तरी फक्त ३० लिटर पाणी वाढते. मर्यादेच्या अगदी काठावर पंप ठेवला नसेल तर तेवढ्याने काही होत नाही. खरा त्रास कुजलेल्या पानांचा असतो.

मेलबर्न

येथे २५ ची म्हणून विकली जाणारी दाबाची पीव्हीसी नळी बाहेरून ३३ मिलिमीटरहून जास्त भरते. भारतातल्या शेतीच्या नळीचे आकडे वाचून खरेदी करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

ठाणे, बाल्कनी

माझा वाफा दोन बादल्यांएवढाच आहे आणि पंप लहान आहे. एवढ्या थोड्या पाण्याला अर्ध्या इंचाची नळीच लागू पडते, परंतु तिचीही एक अडचण आहे. पंप थोडा जोरात सोडला की बाहेर जाणारे आणि आत येणारे पाणी जवळजवळ सारखे होते आणि सायफन तळाशी गुरगुरत राहतो. त्यावर बेलच्या बाहेरून एक बारीक लवचिक नळी लावावी. तिचे वरचे टोक बेलच्या माथ्यात घट्ट बसवावे आणि खालचे खाचांच्या किंचित वर ठेवावे. पाणी त्या टोकाखाली गेले की हवा थेट बेलच्या माथ्यात शिरते आणि सायफन एका झटक्यात सुटतो. ही नळी ॲक्वेरियमच्या दुकानात हवेच्या पंपासाठी मिळते तीच चालते. पंपाकडून येणाऱ्या नळीवरचा व्हॉल्व्ह मात्र पंपाजवळ न ठेवता वाफ्याजवळ ठेवावा, म्हणजे धार पाहत पाहत पाणी कमी-जास्त करता येते.