पोटॅशियम ब्रोमाइड आणि संहत सल्फ्युरिक आम्ल: ब्रोमीन नेमके सुटते कसे?

प्रश्न

पोटॅशियम ब्रोमाइडच्या स्फटिकांवर संहत सल्फ्युरिक आम्लाचे थेंब सोडले की आधी हायड्रोजन ब्रोमाइडचा पांढरट धूर निघतो आणि पाठोपाठ परीक्षानळी ब्रोमीनच्या तांबूस तपकिरी वाफेने भरते. पाठ्यपुस्तक सांगते की आम्लाने ब्रोमाइडचे ऑक्सिडीकरण केले व त्यात सल्फर डायऑक्साइड तयार झाला. परंतु त्याच पुस्तकात पुढे असेही आहे की सल्फर डायऑक्साइड ब्रोमीनच्या पाण्याचा रंग घालवतो, म्हणजे ब्रोमीनचे पुन्हा ब्रोमाइड होते. प्रमाण विभवांचा (पदार्थ इलेक्ट्रॉन किती जोराने ओढतो हे व्होल्टमध्ये सांगणाऱ्या आकड्यांचा) तक्ता दुसऱ्या विधानाच्या बाजूने आहे, कारण ब्रोमीनचा विभव सुमारे १.०७ व्होल्ट आणि सल्फेटपासून सल्फर डायऑक्साइड होण्याचा जेमतेम ०.१७ व्होल्ट आहे. मग पहिली अभिक्रिया घडते तरी कशी?

उत्तर १

दोन्ही विधाने खरी आहेत, कारण ती एकाच समीकरणाच्या दोन दिशा आहेत. दोन ब्रोमाइड आयन, एक सल्फेट आयन आणि चार हायड्रोजन आयन यांपासून ब्रोमीनचा एक रेणू, सल्फर डायऑक्साइडचा एक रेणू आणि पाण्याचे दोन रेणू मिळतात. भरपूर पाणी असेल तर हे समीकरण उलट दिशेने जाते, आणि आम्ल अतिशय संहत व पाणी नगण्य असेल तर ते सुलट जाते. शिवाय उघड्या नळीतून सल्फर डायऑक्साइड वायू व ब्रोमीनची वाफ निसटत राहतात, त्यामुळे परतीची वाट आणखी अरुंद होते. तक्त्यातले आकडे प्रमाण परिस्थितीतल्या जलीय द्रावणाचे असतात, हे विद्यार्थ्यांना पुरेसे ठासून सांगितले जात नाही असे मला वाटते. ९८ टक्के आम्ल हे त्या अर्थाने जलीय द्रावण नव्हेच.

उत्तर २

वरील उत्तराला थोडी आकडेमोड जोडतो. सल्फेटच्या अर्धअभिक्रियेत (सल्फेटने इलेक्ट्रॉन घेण्याच्या अर्ध्या भागात) दोन इलेक्ट्रॉनांमागे चार हायड्रोजन आयन खर्च होतात, म्हणून संहतीनुसार विभव किती बदलतो हे सांगणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणानुसार हायड्रोजन आयनांची सक्रियता (प्रभावी संहती) दहापट वाढली की विभव २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.१२ व्होल्टने चढतो. भरून काढायची तफावत ०.९ व्होल्टची आहे. शुद्ध सल्फ्युरिक आम्लाची आम्लता हॅमेट मापावर (अतिसंहत आम्लांसाठीच्या, pH सारख्या मापावर) उणे १२ च्या आसपास भरते, म्हणजे अशा सात-आठ पायऱ्या चढणे त्याला सहज शक्य आहे. हा केवळ ढोबळ अंदाज आहे, परंतु दिशा त्यावरून निःसंशय कळते. क्लोरीनचा विभव १.३६ व्होल्ट असल्याने मिठावर हेच आम्ल टाकले तर हायड्रोजन क्लोराइडच मिळतो, तर आयोडाइडचा ०.५४ व्होल्ट असल्याने तेथे क्षपण पार हायड्रोजन सल्फाइडपर्यंत जाऊ शकते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. मग ब्रोमीनविरहित हायड्रोजन ब्रोमाइड हवा असेल तर कोणते आम्ल वापरावे?

उत्तर ३

वायू हवा असेल तर संहत फॉस्फोरिक आम्ल घेऊन मिश्रण तापवावे. ते सहजासहजी उडून जात नाही आणि ब्रोमाइडचे ऑक्सिडीकरणही करत नाही. हायड्रोब्रोमिक आम्लाचे द्रावण पुरेसे असेल तर सल्फ्युरिक आम्लही चालते, मात्र त्यात आधी पाणी असावे लागते आणि मिसळताना भांडे थंड ठेवावे लागते. पुढे ऊर्ध्वपातन केले की सुमारे ४८ टक्के हायड्रोजन ब्रोमाइड असलेले, १२५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळणारे स्थिर उत्कलन मिश्रण (उकळताना घटकांचे प्रमाण न बदलणारे मिश्रण) हाती येते.

उलट दिशा डोळ्यांनी पाहायची असेल तर धूरकपाटात ब्रोमीनच्या पाण्यातून सल्फर डायऑक्साइड सोडावा. नारिंगी रंग फिका पडत जाऊन द्रावण रंगहीन झाले की उरलेला वायू उकळून घालवावा व द्रावणाचे दोन भाग करावेत. एका भागात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बेरियम क्लोराइड घातल्यास बेरियम सल्फेटचा पांढरा अवक्षेप येतो, तर दुसऱ्या भागात विरल नायट्रिक आम्ल व सिल्व्हर नायट्रेट घातल्यास सिल्व्हर ब्रोमाइडचा फिकट पिवळा अवक्षेप मिळतो. ब्रोमीनच्या वाफेने श्वासमार्ग व त्वचा दोन्ही भाजतात, म्हणून सोडियम थायोसल्फेटचे द्रावण हाताशी ठेवल्याशिवाय यातला कोणताही प्रयोग सुरू करू नये.