बर्फाळ डोंगराळ भागातील गॅरेजच्या कोब्यासाठी कोणते लेपन टिकेल? सल्ला हवा

पौडफाटा :
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात राहतो, परंतु दोन मित्रांसह कुल्लू खोऱ्यात, मनालीच्या थोडे अलीकडे, एक लहान घर बांधले आहे. तिथल्या गॅरेजच्या कोब्याबाबत सल्ला हवा आहे. गॅरेज सुमारे ४०० चौरस फुटांचे आणि बंदिस्त आहे, मात्र आत ऊब राहील अशी कोणतीही सोय नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गाडी आत येते तेव्हा मडगार्डच्या आतल्या बाजूस बर्फ साचलेला असतो; तो वितळून चाकांभोवती पाणी साचते आणि रात्री पारा शून्याखाली गेला की तेच पाणी गोठते. पुढच्या चाकांच्या जागी कोब्याचा वरचा थर पापडासारखा सुटू लागला आहे. बोटाने उचलला तर खाली खडी दिसते आणि तुकड्याच्या खालच्या अंगाला ओलसर पांढरे क्षार असतात. कोबा घालताना खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला नव्हता, हे मिस्त्रींनी आता सांगितले. मजुरी धरून बजेट ३५,००० रुपये आहे आणि ते वाढवता येणार नाही. साहित्य पुण्यातून ट्रान्सपोर्टने पाठवू. एपॉक्सी करावे, पॉलीयुरेथेन करावे (दोन्ही कोब्यावर प्लॅस्टिकसारखा कडक थर धरणारी लेपने), की आणखी काही?

भोसरी_शेड :
एपॉक्सीला पर्याय नाही, हे मी अनुभवाने सांगतो. भोसरीतील आमच्या वर्कशॉपमध्ये सेल्फ-लेव्हलिंग एपॉक्सीचा २ मिलिमीटर जाडीचा थर आहे. त्यावरून रोज फोर्कलिफ्ट फिरते, कटिंग ऑइल सांडते, अधूनमधून लोखंडी जॉब पडतात, तरी संध्याकाळी एकदा पोछा मारला की फरशी नवी दिसते. कोबा डायमंड ग्राइंडरने घासावा, धूळ व्हॅक्यूमने काढावी, मग प्रायमर, त्यावर स्क्रीड (समतल करणारा थर) आणि शेवटी वरचा थर असा क्रम ठेवावा. खर्च आपल्या आकड्याच्या बराच वर जाईल, पण फरशी एकदाच होते. तिथे हात आखडता घेऊ नये.

सहकारनगर_बंगला :
वरील सल्ला वाचून राहवले नाही. आमच्या पार्किंगला एका ठेकेदाराने ऐन ऑगस्टमध्ये, झड लागलेली असताना, एपॉक्सी केले. आठवडा उलटला तरी पृष्ठभाग चिकटच होता, त्यावर पांढुरका तेलकट थर धरला आणि दिवाळीपर्यंत टायरच्या आकाराचे पोपडे निघाले. लांबच्या प्रवासाहून आलेली गाडी उभी केली की गरम टायर थंड होताना आकसतो आणि कच्चा राहिलेला थर सोबत ओढतो, असे नंतर कळले. ठेकेदार आता फोन उचलत नाही. माझ्या मते एपॉक्सी कारखान्यांपुरतेच ठीक आहे. घरच्या गॅरेजला चेकर्ड टाइल बसवाव्यात आणि निश्चिंत व्हावे.

चाकण_क्वालिटी :
आपण दोघेही आपापल्या जागी खरे बोलत आहात, परंतु प्रश्न भोसरीचा नाही आणि सहकारनगरचाही नाही. एपॉक्सीची रासायनिक प्रक्रिया तापमानावर अवलंबून असते. बहुतेक नेहमीची एपॉक्सी १० अंश सेल्सिअसच्या खाली नीट पक्की होत नाहीत, आणि पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होते त्याच्या) किमान ३ अंश वर नसेल तर हार्डनरमधील, म्हणजे एपॉक्सी घट्ट करणाऱ्या घटकातील, अमाइन या रसायनाची हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया होऊन नेमका तोच पांढुरका तेलकट थर येतो. ऑगस्टमधील पुण्यात हे घडले, तर मार्चमधील कुल्लूत घडणारच. तिथे काम करायचेच असेल तर मे अखेर ते जून मध्य, पाऊस सुरू होण्याआधी, हा काळ योग्य ठरेल.

लेपन कोणतेही निवडा, त्याआधी खालून ओल येते का ते तपासा. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लॅस्टिक कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा आणि किमान १६ तासांनी उचला. खाली थेंब दिसले किंवा कोबा गडद झाला असेल, तर बंद थराचे, म्हणजे खालची वाफ बाहेर न सोडणारे, लेपन करू नये. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. लेपनाखाली अडकलेले पाणी गोठले की लेपन एकटे सुटत नाही, काँक्रीटची वरची कातडी घेऊन सुटते.

शहाबादी_फरशी :
टाइल हा विचार योग्य आहे, मात्र चेकर्ड नको, शहाबादी घ्या. आमच्या वाड्यात आजोबांच्या काळापासून शहाबादी आहे आणि तिच्यावरून बैलगाडीपासून ट्रॅक्टरपर्यंत सर्व काही गेले आहे.

सहकारनगर_बंगला :
शहाबादी ओली झाली की निसरडी होते. तासून खरबरीत केलेला कोटा दगड घ्यावा.

शहाबादी_फरशी :
न घोटलेली शहाबादी निसरडी होत नाही. घोटून पॉलिश केलेली होते. हा फरक विक्रेते सांगत नाहीत आणि त्यामुळे चांगल्या दगडाचे नाव खराब होते.

चाकण_क्वालिटी :
कृपया लक्षात घ्या की टाइल असो वा दगड, त्याखालच्या मालात आणि दर्जांमध्ये (सांध्यांमध्ये) शिरलेले पाणी गोठले की फरशी उचलली जाते. बर्फाच्या प्रदेशात फरशीखालची पोकळी हाच सर्वांत कच्चा दुवा असतो.

डेन्व्हरस्थित_पुणेकर :
मी कोलोरॅडोत राहतो, त्यामुळे या प्रश्नावर अधिकाराने लिहू शकतो. आमच्याकडे रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ते चाकांबरोबर गॅरेजमध्ये येते आणि उघडा कोबा खराब करते. आम्ही पॉलीअस्पार्टिक केले. हा पॉलीयुरियाचा प्रकार असून थंडीतही पक्का होतो, उन्हाने एपॉक्सीसारखा पिवळा पडत नाही आणि इतका लवकर सुकतो की सकाळी घासाई सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी गाडी आत होती. वर रंगीत फ्लेक्स (बारीक चकत्या) टाकल्याने फरशी अतिशय देखणी झाली आहे. शेजारी मुद्दाम पाहायला येतात. तुमच्या बजेटमध्ये हे बसणार नाही, परंतु बजेट तिप्पट करून का होईना, हेच करावे. एक महत्त्वाची सूचना : वरच्या थरात क्वार्ट्‌झची बारीक रेती किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण अवश्य मिसळावेत, कारण वितळलेल्या बर्फाचे पाणी गुळगुळीत लेपनावर पसरले की पाय हमखास घसरतो.

भोसरी_शेड :
पॉलीअस्पार्टिक मिसळल्यावर हाताशी फार थोडा वेळ राहतो. सराव नसलेल्या कारागिरांनी ते डब्यातच घट्ट होऊ दिलेले मी पाहिले आहे. कुल्लूत सराव असलेली टोळी कुठून आणणार? राहिला पिवळेपणाचा मुद्दा. बंद गॅरेजमध्ये ऊन येतेच किती? माझे मत कायम आहे, एपॉक्सीच करावे.

बांधकाम_निवृत्त :
लेपनावरच्या या चर्चेत मूळ दोष बाजूला पडत आहे. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात स्पष्ट म्हटले आहे की ओले असताना गोठण्या-वितळण्याला तोंड देणाऱ्या काँक्रीटमध्ये, ते एम ५० या ताकदीच्या प्रतीपेक्षा खालचे असल्यास, हवा धरून ठेवणारे मिश्रक वापरावे; २० मिलिमीटर खडीसाठी हवेचे प्रमाण ५ टक्के, एक टक्का कमी-अधिक, असावे. या सूक्ष्म बुडबुड्यांमुळे गोठणाऱ्या पाण्याला फुगायला जागा मिळते. आपल्या मिस्त्रींनी ते वापरलेले दिसत नाही, कागदही अंथरला नाही आणि दाराकडे उतारही दिला नसावा, अन्यथा चाकांभोवती पाणी साचले नसते. कोबा फोडून काढा, खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, हवायुक्त काँक्रीट घाला, दाराकडे मीटरला किमान १ सेंटिमीटर उतार द्या आणि निदान चार आठवडे होईपर्यंत त्यावर कोणतेही लेपन करू नका. याला ३५,००० पुरणार नाहीत, हे मी जाणतो.

प्रभातरोड_वीटकाम :
विषयाला धरून आहे की नाही, हे सांगता येत नाही. आमच्या बंगल्याच्या उघड्या विटांच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असे, तिला आम्ही सिलेन-सिलोक्सेनचे द्रावण मारून घेतले. ते आत शिरून रंध्रांच्या भिंतींना पाणी चिकटू देत नाही. वर थर तयार होत नसल्यामुळे पोपडे निघण्याचा प्रश्नच येत नाही आणि आतली वाफ बाहेर पडत राहते. भिंतीचा रंगही बदलला नाही. काँक्रीटसाठीही ते मिळते, असे दुकानदार म्हणाले होते.

औंध_नवीन_सभासद :
सर्व प्रतिसाद अजून वाचलेले नाहीत, परंतु एपॉक्सी सर्वोत्तम आहे. माझ्या मेहुण्यांच्या शोरूमला तेच केले आहे.

पौडफाटा :
सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. चाकण_क्वालिटी यांनी सांगितलेली प्लॅस्टिकची चाचणी तिथल्या राखणदारांकडून करून घेतली. सकाळी प्लॅस्टिकच्या आतून थेंब ओघळत होते आणि खालचा चौकोन काळपट पडला होता. त्यामुळे एपॉक्सी आणि पॉलीअस्पार्टिक हे दोन्ही पर्याय मी सोडत आहे. शिवाय एक गोष्ट आधी लिहायची राहिली होती : हिवाळ्यात चाकांना लोखंडी साखळ्या लावलेल्या असतात आणि गाडी तशीच आत येते. बंद थरावर त्या साखळ्यांचा एक ओरखडा गेला की पाणी तिथूनच आत शिरेल.

कोबा फोडण्याचा सल्ला शास्त्रशुद्ध आहे, पण तो खर्च आम्हाला झेपणार नाही. मी प्रभातरोड यांनी सहज उल्लेखिलेला मार्ग निवडत आहे. सुटलेला थर तासून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने ते भाग भरायचे, ते पक्के झाल्यावर जूनच्या आरंभी, कोबा वरून कोरडा असताना, काँक्रीटसाठीचे सिलेन-सिलोक्सेन पंपाने मारायचे. काँक्रीटची रंध्रे पाण्याने जवळजवळ पूर्ण भरलेली असतील तेव्हाच गोठण्याने ती फुटतात. आमच्याकडे ते पाणी मुख्यतः वरून, वितळलेल्या बर्फातून येते. ते आत शिरले नाही आणि खालची ओल वाफ होऊन निघत राहिली, तर झीज बरीच थांबेल असे मला वाटते. दारापाशी आडवी पन्हळ कोरून घेणार आहोत. राखणदारांना रबरी वायपर दिला आहे. गाडी आल्यावर तासाभराने पाणी ओढून टाकायचे ठरले आहे. घसरू नये म्हणून मीठ अजिबात टाकायचे नाही, नदीची रेती पसरायची.

भोसरी_शेड :
आपला निर्णय मला पटलेला नाही. सिलेन पाणी रोखेल, तेल रोखणार नाही. इंजिन ऑइलचा डाग एकदा आत मुरला की निघत नाही.

पौडफाटा :
मान्य आहे. जुन्या जीपखाली पत्र्याचा ट्रे ठेवू, आणि तरीही डाग पडला तर तो राहू देऊ.

बांधकाम_निवृत्त :
मॉर्टर भरण्यापूर्वी कडा करवतीने सरळ आणि किमान १ सेंटिमीटर खोल कापून घ्या. निमुळत्या कडा असलेला तुकडा पहिल्याच हिवाळ्यात सुटतो.